जहाल राजकारण आणि कला: आम्हाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आमचा एक छोटा अभ्यासगट आहे, त्यात नाटकवाले आहेत, चित्रकला शिकणारी पोरं-पोरी आहेत, दोन-तीन फिल्मवाले, काही रिटायर्ड शिक्षक. राजकारण आणि कला हा विषय धरून आम्ही वाचतो, बघतो आणि बरंच भांडतो. नवीन कुणी आलं की साधारण हेच प्रश्न येतात आणि ते रास्त असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. उत्तरं माझी आहेत, गटातल्या सगळ्यांना सगळी पटतात असं नाही.

जहाल विचार म्हणजे फक्त कम्युनिस्ट का?

नाही. चालू समाजाची मांडणी मुळातून बदलायला निघालेला कुठलाही विचार आम्ही यात धरतो. मार्क्सवादी आले, अराजकवादी आले, फुले-आंबेडकरी आले, स्त्रीवादी आले, सशस्त्र क्रांतीवाले राष्ट्रवादी आले आणि फॅसिस्टसुद्धा आले, त्यांना वगळून चालत नाही. इटलीत मारिनेट्टीने १९०९ मध्ये फ्युचरिझमचा जाहीरनामा काढला, त्यात वेगाचं, मशीनचं आणि युद्धाचं उघड गुणगान होतं, आणि दहा वर्षांत हाच माणूस मुसोलिनीच्या बाजूला जाऊन बसला. त्या पंथाची चित्रं मात्र आजही बघताना अंगावर येतात. आपल्याकडे त्याच १९०९ साली बाबाराव सावरकरांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली ती कविता छापल्याबद्दल, राजद्रोह म्हणून. सरकारला कवितेची एवढी भीती वाटायची. तेव्हा ‘जहाल’ म्हटलं की एकच रंग डोळ्यासमोर आणू नका, नाहीतर निम्मा इतिहास दिसणारच नाही.

पण कलेत राजकारण आणायचंच कशाला?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे आणि तो विचारणारे बहुतेक वेळा मनापासून विचारतात, त्यांना गाणं ऐकायचं असतं, भाषण नको असतं, ते मी समजू शकतो. माझं म्हणणं एवढंच की राजकारण बाहेरून आणावं लागत नाही. पेशवाईतल्या शाहिरांना दरबाराची बिदागी मिळायची, मग पोवाड्यात कोणाचे गोडवे येणार ते ठरलेलंच होतं, त्याला कुणी राजकीय कला म्हणत नाही कारण ते सत्तेच्या बाजूचं होतं आणि म्हणून नॉर्मल वाटायचं. प्रश्न उठतो तो कुणीतरी उलट बाजूने गायला लागतं तेव्हा.

म्हणून कुठलीही कलाकृती समोर आली की आम्ही आधी बघतो ती कुठे दाखवली, कुणासमोर दाखवली आणि पैसे कुणाचे होते. माझं ठाम मत आहे की जहाल विचाराने कलेला नवीन विषय दिले ही त्यातली छोटी गोष्ट आहे, खरा बदल झाला तो प्रेक्षक बदलला आणि जागा बदलली तेव्हा. पुढची बहुतेक उत्तरं याच मुद्द्याकडे येतात.

पुण्यात हे कधीपासून आहे?

लोक साधारण विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’पासून सुरू करतात, ते फार उशिरा झालं. १८५५ पासून सुरू करा. त्या वर्षी जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं. गोष्ट साधी आहे, एक कुणबी बाई गरोदर आहे, जोशी येऊन ग्रहांची भीती घालतो, नवरा-बायको कर्ज काढून ब्राह्मणभोजन घालतात आणि विदूषक मध्येमध्ये येऊन प्रेक्षकाला नेमकं काय चाललंय ते सांगतो. शेवटी दोघं ठरवतात की रात्रीच्या शाळेत जायचं. मराठी पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीने नाटक नाकारलं आणि फुल्यांच्या हयातीत ते छापूनसुद्धा आलं नाही, छापलं गेलं १९७९ मध्ये. सव्वाशे वर्षं. आधुनिक मराठी नाटकाच्या सुरुवातीच्या काळातलं हे नाटक, आणि ते ना रंगमंचावर आलं ना वाचकांपर्यंत. मराठी नाटकाचा इतिहास शिकवताना ही गोष्ट एका ओळीत उरकतात याचा मला खरंच राग येतो.

त्याच १८५५ साली मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाबद्दलचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. मुलगी चौदा वर्षांच्या आसपासची, मांग समाजातली, आणि तिने थेट धर्माला प्रश्न विचारलाय. निबंध म्हणजे कला का असं कुणी विचारलं तर मी त्याला तो आधी मोठ्याने वाचायला सांगतो.

पुढे १८७३ मध्ये सत्यशोधक समाज निघाला आणि त्यातून जलसे आले. तमाशाची चौकट घेतली, मजकूर बदलला, आणि सभेला न येणारा शेतकरी जलसा बघायला रात्रभर बसायला लागला. दुसऱ्या बाजूला टिळकांच्या गणेशोत्सवात मेळे होते, त्यातली पदं इतकी राजकीय व्हायची की इंग्रज सरकारने त्यांच्यावर बंधनं आणली. १९२० च्या दशकात मग याच गणेशोत्सवात जेधे-जवळकर मंडळींनी छत्रपती मेळा काढला आणि ब्राह्मणेतर चळवळीची गाणी पुण्याच्या रस्त्यावर आणली, मारामारीपर्यंत गोष्टी गेल्या. जवळकरांचं ‘देशाचे दुश्मन’ १९२५ मध्ये आलं, त्यावर खटला झाला आणि अपिलात १९२६ मध्ये वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर, आरोपी सुटले. म्हणजे उत्सव एकच, शहर एकच, आणि दोन परस्परविरोधी जहाल विचार एकाच रस्त्यावर तालात गाताहेत. त्या काळच्या पुण्यात एक चक्कर मारायला मिळावी असं फार वाटतं.

‘कीचकवध’ची एवढी चर्चा का होते, ते तर पौराणिक नाटक आहे ना?

तेच तर. खाडिलकरांनी १९०७ मध्ये महाभारतातली गोष्ट घेतली आणि प्रेक्षकाला लगेच कळलं की कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे देश, सबुरी धरा म्हणणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल. नाटकात इंग्रजांचं नाव एकदाही येत नाही. सरकारने १९१० मध्ये बंदी घातली. हातात १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा होता, तो मुळात बंगालमधल्या नाटकांमुळे आणलेला. स्वातंत्र्यानंतर इंग्रज गेले, तरी महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगाआधी परिनिरीक्षण मंडळाकडे द्यायची पद्धत राहिलीच, हे नवीन नाटक करणाऱ्या प्रत्येकाला माहितीये.

अण्णा भाऊंनी तमाशात नेमकं काय बदललं?

हे मला सविस्तर सांगायचंय कारण इथे विचाराने फॉर्म कसा बदलतो ते अगदी हाताला लागतं.

पारंपरिक तमाशाची बांधणी ठरलेली असते. आधी गण, म्हणजे गणपतीचं वंदन. मग गवळण, कृष्ण, पेंद्या आणि मावशीची चेष्टामस्करी. मग बतावणी आणि शेवटी वग, म्हणजे मुख्य कथानाट्य. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढलं. अण्णा भाऊंनी गण ठेवला, पण वंदन गणपतीऐवजी मायभूमीला आणि शिवरायांना. गवळण काढूनच टाकली, कारण बाईची चेष्टा करून हशा मिळवायचा नव्हता. वग ठेवला आणि त्यात सावकार, काळाबाजारवाला, मालक, संपावरचा कामगार आणला. डफ, ढोलकी, तुणतुणं तेच, झीलकऱ्यांचं ‘जी जी रं जी’ तेच. आता विचार करा, परळ-लालबागच्या चाळीत साताऱ्या-सांगलीकडून आलेला गिरणी कामगार बसलाय, त्याला हा ठेका लहानपणापासून अंगात माहितीये, त्यामुळे त्याला काहीही नवीन शिकावं लागत नाही, तो थेट मजकुरात शिरतो. कम्युनिस्ट पार्टीची पत्रकं जिथे पोहोचायची नाहीत तिथे हे पोहोचलं.

‘माझी मैना’चंच बघा. ऐकायला बसलं की सुरुवातीला गावाकडे राहिलेल्या बायकोची आठवण आहे, विरहाची छक्कड, म्हणजे लावणीच्या चालीचं गाणं आहे, मुंबईतल्या प्रत्येक एकट्या कामगाराचं दुखणं आहे. आणि हळूहळू, तुमच्या लक्षात यायच्या आत, ती मैना बेळगाव-कारवार होते, तुटलेला महाराष्ट्र होते. संयुक्त महाराष्ट्राची मागणी नकाशावर दाखवून कळली नसती अशा माणसाला ती बायकोच्या आठवणीतून कळली. याला प्रचार म्हणा, मला चालेल, पण मग प्रचार हा शब्द शिवी म्हणून वापरू नका.

सरकारने चाळीसच्या दशकाच्या शेवटी तमाशावर बंदी आणली होती, त्याचा फटका यांनाही बसला. १९५९ मध्ये ‘फकिरा’ आली, ती अण्णा भाऊंनी बाबासाहेबांना अर्पण केली, म्हणजे कम्युनिस्ट पार्टीचा हा माणूस जातीचा प्रश्न विसरला नव्हता, आणि पार्टी तो प्रश्न पुरेसा घेत नव्हती हेही त्यातून दिसतं असं माझं वाचन आहे.

समाजवाद्यांचं काय, ते यात येतात का?

येतात, आणि पुण्यात तर फारच येतात. राष्ट्र सेवा दलाचं कलापथक हे आपल्याकडचं मोठं विद्यापीठ होतं. वसंत बापट तिथले, निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके यांचे पाय तिथेच रंगमंचावर पक्के झाले. निळूभाऊ पुण्याचे, आणि सिनेमात आयुष्यभर सरपंच-पाटील-साखरसम्राटांचे खलनायक करत राहिले. मला त्यात सातत्य दिसतं, कारण तो माणूस ज्या सत्तेला आतून ओळखून होता तीच तो पडद्यावर नेमकी उभी करत होता, धोतराच्या सोग्यापासून नजरेपर्यंत.

घाशीराम कोतवाल जहाल नाटक आहे का? ते तर कुठल्याच पार्टीचं नाही.

पार्टीचं नाही हे बरोबर. १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशन) या नाट्यसंस्थेने पहिला प्रयोग केला, दिग्दर्शन जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्यं कृष्णदेव मुळगुंद. १९ प्रयोगांनंतर संस्थेतूनच ते थांबवलं गेलं, मग कलाकार बाहेर पडले, १९७३ मध्ये थिएटर अॅकॅडमी काढली आणि नाटक पुन्हा उभं राहिलं. नाना फडणवीसांची बदनामी, ब्राह्मणांची बदनामी हे आक्षेप होते. तेंडुलकर सांगत राहिले की हे ऐतिहासिक नाटक नाही, सत्ता आपल्या सोयीसाठी एक घाशीराम पैदा करते आणि काम झालं की त्याला लोकांपुढे टाकते, ही गोष्ट आहे.

माझ्या मते त्यातला जहालपणा त्या माणसांच्या पडद्यात आहे. बारा ब्राह्मण एका रांगेत डुलत उभे, क्षणात पाठ फिरवली की भिंत, वळले की भजन, आणि त्या भिंतीमागे जे चाललंय ते लपवणारेही तेच. नेपथ्याचा खर्च नाही, आणि समाज स्वतःच पडदा कसा होतो हे एक शब्द न बोलता दाखवलं. कीर्तन, अभंग, लावणी सगळं पुणेरी प्रेक्षकाच्या ओळखीचं, आणि प्रयोग सदाशिव पेठेत. हे नाटक दुसरीकडे कुठे आधी झालं असतं तर एवढं लागलं नसतं. पुढे याच संस्थेने पु. लं.चं ‘तीन पैशाचा तमाशा’ केलं, तो ब्रेख्त होता, म्हणजे जर्मन मार्क्सवाद्याचं नाटक लावणीच्या ठेक्यावर टिळक रोडपर्यंत आलं.

दलित पँथर आणि पुण्याचा संबंध काय, ते तर मुंबईचं?

पँथर १९७२ मध्ये मुंबईत निघाली, बरोबर. पण त्याच वर्षी १५ ऑगस्टला पुण्याच्या ‘साधना’ साप्ताहिकाचा विशेषांक आला, संपादन अनिल अवचटांचं, आणि त्यात राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला काय शिक्षा आणि दलित बाईची विटंबना केली तर काय शिक्षा, असा तो हिशोब होता. प्रचंड गदारोळ झाला. साने गुरुजींनी सुरू केलेल्या साप्ताहिकाने हे छापलं यालाही महत्त्व आहे, पण त्याहून जास्त महत्त्व त्या भाषेला आहे. सभ्य मराठी गद्यात असं कुणी बोललंच नव्हतं.

आणि त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’. कामाठीपुऱ्यातले शब्द, जे मध्यमवर्गीय वाचकाला शब्दकोशात सापडत नव्हते. प्रस्तावना तेंडुलकरांनी लिहिली. मी कॉलेजात असताना तो पहिल्यांदा वाचला तेव्हा दोन पानांनंतर बंद केला होता आणि मग रात्री परत उघडला. ढसाळांचं राजकारण पुढे बरंच फिरलं, आणीबाणीच्या काळात इंदिराबाईंच्या बाजूला, नंतर ‘सामना’त सदर, त्यावर भांडणं झालीत आणि होत राहतील. कवीने बाजू बदलली म्हणून आधीची कविता खोटी होत नाही, तिने मराठीत जी जागा केली त्या जागेत नंतर कितीतरी जण उभे राहिले.

पार्टीत गेलेला कलाकार स्वतंत्र राहू शकतो का?

थोडे दिवस राहतो. रशियात क्रांतीनंतरची दहा-बारा वर्षं बघा, मायकोवस्की पोस्टर काढतोय, तात्लिन मनोऱ्याचं मॉडेल करतोय, मायरहोल्ड नाटकाची मोडतोड करून नवीन अभिनय घडवतोय, सगळ्यांना वाटतंय नवा माणूस घडतोय आणि आपण त्यात आहोत. त्या वर्षांतली ऊर्जा खरी होती, कुणी बंदूक लावून करून घेतलेली नव्हती. मग १९३२ मध्ये कलाकारांचे वेगवेगळे गट बरखास्त केले, १९३४ मध्ये समाजवादी वास्तववाद हीच अधिकृत लाइन ठरली. मायकोवस्कीने १९३० मध्येच स्वतःला गोळी घातली होती. मायरहोल्डला १९४० मध्ये गोळ्या घातल्या, त्याच क्रांतीच्या सरकारने. ज्यांनी क्रांतीसाठी सगळ्यात जास्त केलं त्यांचंच हे झालं, आणि डाव्या मित्रांनी हे नेहमी पहिल्यांदा स्वतः सांगायला पाहिजे असं मला वाटतं, दुसऱ्याने तोंडावर फेकायच्या आधी.

छोट्या प्रमाणात हेच सगळीकडे होतं. बंगाली सिनेमावाले ऋत्विक घटक इप्टा या डाव्या नाट्यसंघटनेत जीव तोडून काम करत होते, सांस्कृतिक कामाबद्दल पार्टीला सविस्तर टिपण लिहून दिलं आणि १९५५ मध्ये पार्टीतून बाहेर काढले गेले. पिकासो कम्युनिस्ट पार्टीचा मेंबर, १९५३ मध्ये स्टालिन गेल्यावर त्याने काढलेलं स्टालिनचं रेखाचित्र फ्रेंच पार्टीला आवडलं नाही, जाहीर नाराजी. आणि भांडवलवाले फार उदार असतात असंही नाही, दिएगो रिवेराने न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये भित्तिचित्रात लेनिन काढला, १९३३ मध्ये काम थांबवलं आणि १९३४ मध्ये भिंतीवरून फोडून काढलं. त्याने तेच चित्र मेक्सिको सिटीत पुन्हा काढलं.

एफटीआयआयमध्ये, म्हणजे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, हे वातावरण कुठून आलं?

बऱ्याच अंशी घटकांकडून. पार्टीतून बाहेर पडलेले घटक साठच्या दशकाच्या मध्यात लॉ कॉलेज रोडवर प्रभातच्या जुन्या आवारात शिकवायला आले, थोडाच काळ होते, पण मणी कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम ही त्यांच्या हाताखालची मुलं. त्यातला जॉन अब्राहम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. केरळात जाऊन त्याने ओडेसा कलेक्टिव्ह काढलं, गावोगाव फिरून लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि त्या पैशातून १९८६ मध्ये ‘अम्मा अरियान’ केला. प्रोड्युसर नाही, थिएटरवाला नाही. दुसऱ्या वर्षी तो गेला. संस्थेतला २०१५ चा १३९ दिवसांचा संप वगैरे लोकांना आठवतो, तो आठवायलाच हवा, पण पैशाचा प्रश्न जॉनने जसा सोडवला तसा फार कमी जणांनी सोडवला.

चित्रकारांबद्दल कमी का बोलता?

बरोबर तक्रार आहे. कारण मराठी माणूस नाटकाने वाढलाय.

चित्तप्रसादपासून सुरू करा. १९४३ चा बंगालचा दुष्काळ, हा माणूस मेदिनीपूर भागात पायी फिरला आणि काळ्या शाईत माणसं काढली, नुसते सांगाडे नाही, नाव-गावासकट माणसं. कम्युनिस्ट पार्टीच्या पेपरात ती छापून यायची. ‘हंग्री बेंगाल’ म्हणून पुस्तिका काढली तिच्या प्रती इंग्रज सरकारने जप्त करून जाळल्या. नंतर तो मुंबईत अंधेरीला राहिला आणि लिनोकट करत राहिला.

लिनोकट एकदा हाताने करून बघाच, म्हणजे डाव्या चित्रकारांना तो का आवडायचा ते कळेल. लिनोचा तुकडा आणि कोरण्या अप्पा बळवंत चौकात मिळतात. जे पांढरं हवं ते कोरून काढायचं, अक्षरं उलटी कोरायची, रोलरने शाई फिरवायची, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासायचं. मशीन लागत नाही, शंभर प्रती निघतात, एकही ‘ओरिजिनल’ नाही त्यामुळे श्रीमंताच्या दिवाणखान्यात अडकून पडत नाही, भिंतीवर चिकटवा, मोर्च्यात वाटा. बारीक शेडिंग जमत नाही म्हणून रेषा ठसठशीत होते, ती दुरून वाचता येते. आमच्या गटातल्या एका मुलीने पहिला प्रिंट काढला तेव्हा तिचे हात मनगटापर्यंत काळे झाले होते आणि ती लगेच दुसरा काढायला बसली.

केरळच्या तरुणांनी १९८७ मध्ये बडोद्याला रॅडिकल पेंटर्स अँड स्कल्प्टर्स असोसिएशन म्हणून गट केला, गॅलरी आणि लिलावाच्या बाजाराला सरळ विरोध. दोन वर्षांत, १९८९ च्या डिसेंबरमध्ये, त्यांचा के. पी. कृष्णकुमार हा शिल्पकार आत्महत्या करून गेला आणि गट संपला. त्याची शिल्पं बघताना आता त्याच्या मरणाची गोष्ट मध्ये येते, ती बाजूला ठेवून बघायचा प्रयत्न करा.

बंदी आली की कलाकृती मोठी होते म्हणतात, खरं आहे का?

हे मला अजिबात पटत नाही. बंदीतून वाचलेली कलाकृती आपल्याला दिसते, मेलेली दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ‘तृतीय रत्न’ सव्वाशे वर्षं अडकलं, त्यातून ते मोठं नाही झालं, मराठी रंगभूमी लहान झाली. फ्रेंच चित्रकार कुर्बे १८७१ च्या पॅरिस कम्यूनमध्ये, म्हणजे कामगारांच्या बंडात होता, व्हान्डोम स्तंभ पाडल्याबद्दल त्याला सहा महिने तुरुंगवास आणि नंतर स्तंभ पुन्हा उभारायचा तीन लाख फ्रँकच्या वर खर्च लावला, तो स्वित्झर्लंडला पळाला आणि १८७७ मध्ये तिथेच वारला. नाझींनी १९३७ मध्ये म्युनिकला ‘अधःपतित कला’ म्हणून साडेसहाशेच्या आसपास कलाकृती टिंगल करायला मांडल्या, वीस लाखांवर लोक बघून गेले. ते सगळे काही कौतुकाने गेले नव्हते. सफदर हाश्मींवर १ जानेवारी १९८९ ला साहिबाबादला पथनाट्य चालू असताना हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी ते गेले, राम बहादूर नावाचा कामगारही मारला गेला. ४ तारखेला त्यांच्या पत्नी मोलयश्रींनी त्याच जागी येऊन ते नाटक पूर्ण केलं. त्यांचं धैर्य अफाट आहे. पण त्यामुळे हल्ला उपयोगी ठरला असं कृपया कुणी म्हणू नका.

आता पुण्यात कोण आहे? कबीर कला मंचाबद्दल तुमचं काय मत?

कबीर कला मंच २००२ च्या गुजरात दंगलींनंतर पुण्यात निघाला, वस्त्यांमधल्या पोरा-पोरींचा. जलशाची परंपरा त्यांनी पुढे नेली, डफ हातात घेऊन जात आणि भांडवल यावर गायले. २०११ पासून त्यांच्यातल्या कलाकारांना युएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली अटका झाल्या, पुढे काहींना हायकोर्टाने जामीन दिला, आणि ३१ डिसेंबर २०१७ च्या शनिवारवाड्यावरच्या एल्गार परिषदेच्या केसमध्ये २०२० ला पुन्हा अटका झाल्या. त्यांनी आरोप नाकारलेत. माझं मत असं की गाण्याचा निकाल गाणं ऐकून लावा आणि गुन्ह्याचा कोर्टात पुराव्यावर लागू द्या, आणि तो लागायला माणसाच्या उमेदीची वर्षं जेलमध्ये जाऊ नयेत.

चांगली राजकीय कला आणि नुसता प्रचार यात फरक कसा करायचा?

ऑर्डरवर केलेली म्हणून वाईट असं नसतं, आयझेनस्टाइनचा ‘बॅटलशिप पोटेमकिन’ सरकारनेच १९०५ च्या क्रांतीला वीस वर्षं झाली म्हणून करून घेतला होता, आणि एडिटिंग शिकायचं तर आजही त्यातल्या ओडेसाच्या पायऱ्यांवरच्या प्रसंगाकडेच जावं लागतं. माझी चाचणी अशी, ज्याला तो विचार आधीच पटलेला आहे त्यालाही काही नवीन दिसलं का? सभागृहातले सगळे सुरुवातीपासून मान डोलवत असतील आणि बाहेर पडताना जसे आले तसेच जात असतील तर काम झालं नाही. अलीकडे एकांकिकांमध्ये हे फार बघतो, घोषणा खणखणीत, टाळ्या कडकडून, आणि शत्रू एवढा मूर्ख रंगवलेला की तो सत्तेवर आला कसा हेच कळत नाही. घाशीरामचा नाना बघा, तो गोड आहे, हुशार आहे, नाचतो सुंदर, म्हणून भीती वाटते.

बायका कुठे आहेत या सगळ्यात?

तमाशात त्या कायम होत्या, लेखनाच्या श्रेयात नव्हत्या. मुक्ता साळवेंचं वर आलंच, सावित्रीबाईंचं ‘काव्यफुले’ १८५४ चं आहे. १९८३ मध्ये स्त्री मुक्ती संघटनेचं, ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं ‘मुलगी झाली हो’ आलं, ते गावोगाव अंगणात, शाळेत, बस स्टँडजवळ झालं, आणि बघायला आलेल्या बायका नंतर स्वतःचं बोलायला लागायच्या. यावर वेगळं लिहायला हवं, इथे मावणार नाही.

मला सुरुवात करायचीय, कुठे जाऊ?

गंज पेठेत फुले वाड्यात जा, सकाळच्या वेळी. मग ‘तृतीय रत्न’ वाचा, छोटं आहे, एका बैठकीत होतं, आणि शक्य असेल तर चौघांनी भूमिका वाटून मोठ्याने वाचा कारण विदूषकाच्या जागा वाचनातच कळतात. फिल्म अर्काइव्हचे शो असतात त्यावर लक्ष ठेवा. सुदर्शन रंगमंच आणि भरतला नवीन लोकांचे प्रयोग लागतात. आंबेडकर जयंतीच्या आठवड्यात वस्तीतल्या भीमगीतांच्या कार्यक्रमाला उभं राहून ऐका, पुण्यातल्या कित्येक नाटकवाल्यांनी हे एकदाही केलेलं नसतं.

तुमच्या वाचनाला किंवा प्रयोगाला यायचं तर आधी अभ्यास लागतो का?

नाही, काहीच वाचून येऊ नका. आधी बघा, मग भांडा, मग घरी जाऊन वाचा. प्रवेश फी ठेवलेली नाही, कार्यक्रम संपल्यावर झोळी फिरते, जमेल तेवढं टाका आणि नसेल जमत तर सतरंज्या गोळा करायला थांबा.